आपत्कालीन संपर्क
(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे गल्लोगल्ली झाले आहेत. ते ऐकताना आपल्यातल्या निम्म्यांना झोप येईल आणि उरलेल्यांना जेवणानंतर तशीही येणारच आहे. म्हणून मी दुसराच विषय घेतला आहे. अडीअडचणीला आपल्याला कोण सांभाळतं, आणि ती माणसं वयाबरोबर कशी बदलत जातात, याबद्दल मी बोलणार आहे. गावाच्या नावावर कोटी करायचा मोह मात्र मी आवरते. मराठीच्या सरांनी ती आपल्यासमोर इतक्या वेळा केली आहे, की आता त्यात काही शिल्लक राहिलेलं नाही.

विषय डोक्यात आला तो एका फॉर्ममुळे. नोकरी लागली की कंपनी एक फॉर्म भरून घेते. त्यात एक रकाना असतो, 'आपत्कालीन संपर्क'. म्हणजे तुम्हाला काही झालं तर कुणाला कळवायचं? नाव, फोन नंबर आणि नातं. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी हा रकाना पाच वेळा भरला. २००३ साली लिहिलं 'वडील', आणि नंबर शेजारच्या काकांच्या घरचा दिला, कारण आमच्याकडे फोन नव्हता. लग्नानंतर लिहिलं 'पती'. मधे एकदा नवरा परदेशी होता तेव्हा पुण्यातल्या शेजारीणबाईंचं नाव दिलं. पाचही फॉर्म समोर ठेवले तर माझ्या आयुष्याचा आराखडाच दिसतो. पाचव्या फॉर्मची गोष्ट शेवटी सांगते.

आधी लहानपणाकडे जाऊ. लहानपणी आपण माणसं निवडत नाही, ती लाभलेली असतात. आपण जन्मलो तेव्हा वैनगंगेच्या पलीकडचा मुलूखसुद्धा चंद्रपूर जिल्ह्यातच होता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आपण दोन वर्षांचे होतो. नकाशावर रेघ पडली, पण सोयरीक, बाजार, मार्कंड्याची जत्रा यांतलं काहीच वेगळं झालं नाही.

रोवण्याचे दिवस आठवा. आईबाप पहाटेच बांधीत. पऱ्हे काढायचे, चिखलात वाकून दिवसभर रोवायचे. पाऊस थांबला तर रोवणा अडतो, आणि पाऊस आला की सगळ्यांचा रोवणा एकदम येतो. एका घराच्या हातांनी तो आटोपत नाही. म्हणून आज माझ्या बांधीत तू, उद्या तुझ्या बांधीत मी. मराठीत याला सावड म्हणतात. त्या दिवसांत आपल्याला जेवायला कोण वाढायचं? ज्या घरी चूल पेटलेली असेल ते घर. माझे बाबा पोस्टात होते, पण आमची दोन एकर बांधी होती, त्यामुळे त्या महिन्यात मीही चार घरचं वरण-भात खाल्लं आहे. मोहफुलं वेचायलाही बायका एकट्या जात नसत, आजही जात नाहीत. आपल्या भागात वाघ कुठे दडलेला असेल सांगता येत नाही, आणि वेचणारं माणूस वाकलेलं असतं. अशा ठिकाणी सोबत नसेल तर जीव जातो.

मुलींना भुलाबाई होती. घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि खिरापत ओळखायची. त्या निमित्तानं गावातली पन्नास घरं आतून पाहिलेली असायची. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकं. वडशाच्या कंपनीचं नाटक रात्रभर चालायचं आणि घरात झोपायला जागा नसायची, कारण मावशी, आत्या, जावई, त्यांचे शेजारी सगळे आलेले असायचे. तेव्हा वाटायचं की हे सगळे नाटक बघायला येतात. आता कळतं, नाटकाच्या निमित्तानं वर्षातून एकदा सगळी नाती झाडून-पुसून लख्ख केली जात होती. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा बैल मेला, कुणाला पैशांची नड आहे, हे सगळं त्याच रात्री कळायचं.

रॉबर्ट काह्न आणि टोनी अँटोनुची या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली एक कल्पना मांडली. माणूस आयुष्याचा प्रवास एकटा करत नाही, त्याच्याभोवती एक तांडा चालत असतो. काही माणसं अगदी लगतची, काही मधली, काही लांबची. वाटेत काही गळतात, काही नवीन येतात, काही जवळची लांब जातात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर महाशिवरात्रीला मार्कंड्याला निघालेल्या बंड्याच आल्या. पुढच्या बंडीचा कंदील, मागच्या बंडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. कुणाच्या बंडीचा आस मोडला तर रांग थांबायची. त्या बंडीतली म्हातारी आणि लेकरं दुसऱ्या बंडीत बसायची आणि मग रांग पुढे निघायची.

पण आठवणींवर साखर पेरून मी हे भाषण करणार नाही. त्या रांगेत सगळ्यांना जागा नव्हती. कोणत्या घरचं पाणी कुणी प्यायचं, हे ठरलेलं होतं. आपल्याच वर्गातली काही मुलं आपल्या घरी आली तर ओट्यावरच थांबायची, आणि आपल्याला त्यात वावगं वाटत नसे. विधवा काकूंना हळदीकुंकवाला बोलावत नसत. जी गल्ली सांभाळते ती पाळतही ठेवते. मला इंजिनिअरिंगला पाठवायचं ठरलं तेव्हा "पोरीले इतकं शिकवून काय करता?" असं म्हणणारे लोकही त्याच गल्लीतले होते. आणि पहिल्या सत्राची फी भरायला बाबांना पैसे कमी पडले तेव्हा ते हातउसने देणारेही त्याच गल्लीतले होते. त्यांतला एक माणूस तर दोन्ही यादींत आहे.

अठराव्या वर्षी मी नागपूरला वसतिगृहात आले. हा दुसरा टप्पा. या वयात माणसांची नुसती भरती येते. एका खोलीत तीन जणी, एका मजल्यावर साठ. महिनाभरात मला वाटलं, माझ्या खऱ्या मैत्रिणी याच. असं का वाटतं याचं उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली चक्क तासांत काढलं. त्यांच्या हिशेबानं नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, चांगली मैत्री व्हायला ९०, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० च्या वर. वसतिगृहात २०० तास महिन्यात होतात. चाळिशीत, ऑफिस, पोरांची शाळा आणि सासूबाईंचं औषध सांभाळून २०० तास कुणाला द्यायचे म्हटलं तर चार-पाच वर्षं लागतील.

आणखी एक अभ्यास २०१६ सालचा. युरोपातल्या एका मोबाईल कंपनीच्या लाखो ग्राहकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की माणूस सगळ्यात जास्त वेगवेगळ्या लोकांना फोन करतो तो पंचविशीच्या आसपास. पुढे आकडा उतरत जातो. माझ्या पंचविशीत माझ्या पहिल्या मोबाईलमध्ये दोनशे नंबर होते. त्यांत सावलीचे किती, हे मी परवा आठवून पाहिलं. तीन होते. एक घरचा, एक पोस्टातला आणि एक किराणा दुकानाचा. आपल्यापैकी एकाचाही नव्हता.

तिसरा टप्पा लग्नाचा आणि लेकरांचा. इथे मुलगे आणि मुली यांच्या वाटा फुटतात. हे मी आपल्याच उदाहरणावरून दाखवते, परदेशी अभ्यासाची गरज नाही. आपल्या तुकडीत ५८ जण होतो, ३५ मुलगे आणि २३ मुली. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला. महिनाभरात ३१ मुलगे सापडले आणि मुली सहा. का? मुलग्यांचं आडनाव तेच होतं आणि बहुतेकांचं गावही तेच होतं. कुणाच्याही वडिलांना विचारलं की पत्ता लागायचा. मुलींचं आडनाव बदललं, काहींचं तर पहिलं नावही बदललं. काहींच्या घरच्यांनी सांगितलं, "तिचा नंबर कायले पायजे?" आज दहा वर्षांनी आपण १७ मुलींपर्यंत पोचलो आहोत. सहा जणी अजून सापडलेल्या नाहीत. लग्न झालं की मुलीचा तांडा एका दिवसात बदलतो. जुनी सगळी माणसं मागे राहतात, आणि नव्या घरात तिला शून्यातून सुरुवात करावी लागते. त्या काळात ती सगळ्यात एकटी असते, आणि नेमकं तेव्हाच पहिलं बाळंतपण येतं.

मी तर नशीबवान, स्वतःचं कमावणारी. तरी मुलगी झाली तेव्हा पुण्याच्या फ्लॅटमध्ये, दुपारी तीन वाजता, रडणारं बाळ मांडीवर घेऊन, दोनशे नंबर असलेला मोबाईल हातात धरून मी बसले होते, आणि कुणाला फोन करावा हे मला सुचलं नव्हतं. आई दीड महिना राहून गेली होती. ज्यांना फोन करावा त्या मैत्रिणी ऑफिसात होत्या. त्या दिवशी शेजारीणबाईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, "बाळ फार वेळ रडतंय, द्या माझ्याकडे, तुम्ही अंघोळ करून या." दुसऱ्या फॉर्मनंतर तिसऱ्या फॉर्मवर ज्यांचं नाव आलं त्या याच.

पुढे २००९ साली मंदी आली. मी ज्या कंपनीत होते तिथे आमचा अख्खा गट एका दिवशी घरी पाठवला. मुलगी दीड वर्षाची, घराचा हप्ता चालू. मला नवी नोकरी कुणामुळे मिळाली? जिवलग मैत्रिणींमुळे नाही. त्या सगळ्या माझ्याच क्षेत्रात, माझ्याच गटात, माझ्यासारख्याच बेकार. नोकरीची बातमी दिली ती आपल्या शाळेतल्या, आपल्यापेक्षा दोन वर्षं मागे असलेल्या एका मुलानं. नागपूर स्टेशनवर गाडीची वाट बघताना तो भेटला. "ताई, तुम्ही सावलीच्या ना?" एवढीच ओळख. त्यानं त्याच्या कंपनीत माझं नाव दिलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी येते ती कच्च्या धाग्यांवरून, लांबच्या ओळखीतून. म्हणून ग्रुपवर रोज नुसतं 'सुप्रभात' टाकणाऱ्याला हसू नका. तो धागा तुटू देत नाही, हेही एक काम आहे.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे उभी राहिले आहे, ते सांगते.

२०१४ च्या पावसाळ्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आपल्या वर्गातली, सावलीतच दिलेली आणि सावलीतच राहिलेली एक मैत्रीण बोलत होती. तिनं बजावलं आहे की नाव घ्यायचं नाही, म्हणून घेत नाही. तिच्या नवऱ्याला अपघात झाला होता, नागपूरच्या दवाखान्यात होता. तिला काय हवं होतं हे मला आजही माहीत नाही. पैसे असतील, डॉक्टरांशी इंग्रजीत कुणी बोलावं असं असेल, किंवा नुसतं बोलायचं असेल. मी म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे गं, संध्याकाळी करते." संध्याकाळी केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं आठवलं तेव्हा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा केला नाही. अशी दोन-तीन वर्षं गेली. ग्रुप निघाला तेव्हा तिचं नाव दिसलं, मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिनंही पाठवलं. तिचा नवरा वाचला होता, पण काठीशिवाय चालत नव्हता. हे मला ग्रुपवरून कळलं.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. पुण्यात आम्ही तिघंही आजारी. सावलीत बाबांना ताप आला, ऑक्सिजन उतरला. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, आणि पास मिळाला असता तरी मला उठून उभं राहता येत नव्हतं. मी ग्रुपवर चार ओळी टाकल्या. बऱ्याच जणांनी 'काळजी घे' लिहिलं, आणि ते मनापासून लिहिलं हे मला ठाऊक आहे. पंधरा मिनिटांत तिचा फोन आला. "गाडी सांगितली. ह्यांना पाठवतो सोबत. तू येईपर्यंत मी आहो ना आईपाशी."

काठीनं चालणारा तिचा नवरा माझ्या बाबांना घेऊन गेला, खाट मिळेपर्यंत दोन ठिकाणी फिरला. बाबा सहाव्या दिवशी गेले. त्यांना शेवटचं मी पाहिलं नाही, आईनंही नाही. आईचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, ती घरात एकटी कोंडलेली. गल्लीत सगळे घाबरलेले होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझी मैत्रीण दोन वेळा डबा आणून ओट्यावर ठेवायची, दार वाजवायची, आणि अंगणात आंब्याखाली स्टूल टाकून बसायची. आई दाराच्या आत, ती अंगणात. तासभर. काय बोलायच्या? मी नंतर आईला विचारलं. आई म्हणाली, "काही नाही. तिनं भाजी काय केली ते सांगे. पऱ्हे टाकाची वेळ झाली ते सांगे. तुझ्या बाबांनी तिची मनीऑर्डर कशी एकदा पावसात भिजत आणून देली होती, ते सांगे." चौदा दिवस.

दिवाळीला मी आले तेव्हा तिच्या घरी गेले. २०१४ च्या फोनबद्दल बोलायला गेले आणि बोलता येईना. तिनंच ओळखलं. म्हणाली, "तुलेबी काम असन. म्हणून त पुन्हा नाही केला फोन." तिनं ते अगदी सहज म्हटलं. त्या सहजपणानं मला जास्त लागलं.

माझ्या पाचव्या फॉर्मवर आता तिचं नाव आहे. पुढची गंमत ऐका. नातं लिहायच्या रकान्यात आता लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. पती किंवा पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, अपत्य, इतर. तिच्यासाठी 'इतर'. आणि काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी अशाच फॉर्मची आज्ञावली मीच लिहिली होती. ती यादी मीच केली होती. 'वर्गमैत्रीण' हे नातं यादीत घालावं असं तेव्हा मला सुचलं नव्हतं.

आता पुढच्या टप्प्याकडे बघू, कारण आपण सगळे पंचेचाळिशी ओलांडून तिकडेच निघालो आहोत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं, की वय वाढलं की माणूस स्वतःहून आपलं वर्तुळ लहान करतो. वेळ थोडा उरला आहे असं वाटू लागलं की नवीन ओळखी करण्यापेक्षा जी माणसं मनाला खरी वाटतात त्यांच्याजवळ राहावंसं वाटतं. इंग्लंडचे रॉबिन डनबार सांगतात, की माणसाला साधारण दीडशे लोकांशी नातं सांभाळता येतं, पण अगदी आतल्या वर्तुळात पाचच जण मावतात. म्हणजे वर्तुळ लहान होणं हा आजार नाही. फक्त ते आपण निवडून लहान केलं, की ते आपोआप रिकामं झालं, हा प्रश्न आहे.

आपल्या गावात आज कितीतरी घरांत दोनच म्हातारी माणसं आहेत, काही घरांत एकच. मुलं नागपूर, पुणे, हैदराबादला. ती वर्तुळं कुणी निवडून लहान केलेली नाहीत. ती आपण रिकामी केली आहेत, शिकून, नोकरीला लागून. त्याच्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, पण हिशेब ठेवायला हवा.

बाबा गेल्यावर मी आईला पुण्याला आणलं. सातव्या मजल्यावर, लिफ्ट, डॉक्टर पाच मिनिटांवर. चार महिन्यांनी ती म्हणाली, "मले सावलीले नेऊन दे." मी कारणं विचारली, वादही घातला. तिनं मला एकच प्रश्न विचारला. "सकाळी सात वाजेपर्यंत मी दार नाही उघडलं, त तुह्याइथं कोन विचारन?" मी म्हटलं, मी विचारीन. ती म्हणाली, "अन् तू ऑफिसच्या गावाले गेली तं?" सावलीत कोण विचारील ते तिनं बोटांवर मोजून दाखवलं. दूधवाला, समोरची सून, बचत गटातली तिची सोबतीण, आणि माझी ती मैत्रीण, जी शेताकडे जाताना रोज हाक मारते. चार माणसं. मी तिला सावलीला आणून सोडलं.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. तोच ७२४ जणांचा गट तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तपासत गेले. सुरुवातीला त्यात फक्त पुरुषच होते, बायकांची चौकशी फार उशिरा सुरू झाली. त्यातून निघालेली मोठी गोष्ट अशी, की पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, तेच ऐंशीला सगळ्यात धडधाकट निघाले. आपल्याला पन्नाशीला अजून चार-पाच वर्षं आहेत. म्हणजे वेळ गेलेली नाही.

म्हणून मी तीन गोष्टी मागते.

पहिली. आपल्यापैकी जे सावलीत, मूलला, व्याहाडला राहतात, त्या आठ-दहा जणांवर बाहेर गेलेल्या आम्हा सगळ्यांच्या आईबापांचा भार आहे. कुणी बोलत नाही, पण आहे. रात्री दवाखान्यात कोण नेतं? बँकेत हयातीच्या दाखल्याला कोण नेतं? सावड चालते ती पाळी उलटून येते म्हणून. आम्ही बाहेरचे आमची पाळी कधी देतच नाही. तर आमची पाळी काय, ते आज ठरवू. तुमची पोरं पुण्याला, नागपूरला शिकायला आली तर खोली मिळेपर्यंत आमच्या घरी राहतील. फॉर्म, प्रवेश, मुलाखतीची तयारी हे आमचं काम. नागपूरच्या दवाखान्यात कुणी भरती असेल तर नागपूरचे सहा जण पाळीनं जातील. गाडीभाड्याचा खर्च ज्याच्या घरचा असेल त्यानं न मागता द्यायचा, आणि सावलीकरांनी तो संकोच न करता घ्यायचा. पैसे घेतले म्हणून माया कमी होत नाही.

दुसरी. एक कागदी यादी करू. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर, म्हाताऱ्या माणसाला भिंतीवर लावता येईल अशी, मोठ्या अक्षरात. गल्लीनुसार कुणाच्या घराला कोणते दोन जण हाक मारतील. त्यात आपल्या सर-बाईंची घरंही घ्यायची. सर, तुम्ही हजेरी घेताना एखादा सलग तीन दिवस आला नाही, तर त्याच्या घरी माणूस पाठवत होता. आता तुमची हजेरी आम्ही घेणार.

तिसरी. त्या सहा मुली. त्यांची नावं आजच्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर त्यांच्या माहेरच्या नावानं छापा, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. फोन नंबर मागू नका, तिच्या घरी त्याचा त्रास होऊ शकतो. नुसता निरोप पोचवा, की तुझी जागा ठेवली आहे, वाटेल तेव्हा ये. आपल्यापैकी कुणाची भाची, कुणाची नणंद त्या गावात दिलेली असेलच. कच्च्या धाग्यावरूनच तो निरोप जाईल.

आणि एक गोष्ट प्रत्येकानं एकट्यानं करायची. तुमच्याही फोनमध्ये एखादा न केलेला फोन असेल. किती वर्षं झाली याचा हिशेब करू नका. लाज वाटते म्हणून फोन टाळण्यात मी सात वर्षं घालवली, आणि शेवटी पहिला फोन तिनंच केला. आज रात्री तो फोन करा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर भाजी काय केली ते सांगा. चालतं.

ती आता इथेच, स्वयंपाकाच्या मांडवाकडे आहे. सकाळपासून अडीचशे माणसांच्या भाताकडे बघते आहे. भाषणाला ये म्हटलं तर म्हणाली, "तू बोल, मी आहो ना इकडं." म्हणून मी इथेच थांबते आणि वाढायला जाते. तुम्हीही पंगतीला या.